प्रारण पट्ट्यांतले कण साध्या लॅपटॉपवर कसे चालवावेत

तालगांवच्या पठारावर (गोवा विद्यापीठात) किंवा झुआरीनगरला (बिट्स पिलानीच्या गोवा संकुलात) एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून हा विषय, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे मार्ग संगणकावर काढणं, घेतला की पहिल्याच आठवड्यात गाडी अडते ती संगणकाला लागणाऱ्या वेळेपाशी. समीकरण एका ओळीचं आहे, कोड पन्नास ओळींचा होतो, आणि तरी एक इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करत नाही. असं का होतं ते आकड्यांत पाहिलं की पुढचा मार्ग आपोआप दिसतो.

१ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन घ्या. एल = ४, म्हणजे क्षेत्ररेषा विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून चार त्रिज्यांवर. तिथे पिच अँगल (वेग आणि क्षेत्ररेषा यांतला कोन) ४५ अंश. आयजीआरएफ या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय प्रारूपाच्या २०२० सालच्या गुणांकांवरून द्विध्रुव (पट्टीचुंबकासारखं) क्षेत्र पृष्ठभागावर विषुववृत्ताशी २९,८०६ नॅनोटेस्ला येतं. ते एलच्या घनाने भागलं की ४६६ नॅनोटेस्ला. गॅमा (सापेक्षतावादी गुणक) २.९५७, वेग प्रकाशाच्या ०.९४ पट. यातून तीन काळ निघतात. क्षेत्ररेषेभोवती एक गिरकी ०.२३ मिलिसेकंदात, उत्तर-दक्षिण मिरर पॉइंटांमधली (जिथून कण उलटतो त्या जागांमधली) एक पूर्ण ये-जा ०.३३ सेकंदात, आणि पृथ्वीभोवतीची एक ड्रिफ्ट फेरी सुमारे १७ मिनिटांत. म्हणजे एका फेरीत साडेपंचेचाळीस लाखांहून जास्त गिरक्या. गिरकीमागे वीस पावलं धरली तर नऊ कोटी पावलं, आणि हे विषुववृत्तावरच्या कमकुवत क्षेत्राचं माप. मिरर पॉइंटवर क्षेत्र दुप्पट होतं, त्यामुळे पाऊल तिथल्या गिरकीला पुरेल असं ठेवलं तर अठरा कोटी.

द्विध्रुव क्षेत्र आणि कंपाइल केलेला कोड असेल तर एका कोअरवर सेकंदाला एक कोटी पावलं असा ढोबळ हिशेब धरा. एका इलेक्ट्रॉनची एक फेरी अठरा सेकंदांत. दहा हजार इलेक्ट्रॉन, प्रत्येकी दहा फेऱ्या म्हणजे तीन आठवडे. शुद्ध पायथनमध्ये हा विचारही करू नका.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. पंखा फिरतो, बोट या काठावरून त्या काठावर जाते-येते, आणि ओहोटीची ओढ तिला हळूहळू खाली नेते. बोट ओढीने किती सरकली हे काढायला पंख्याचे फेरे कुणी मोजत नाही. इथेही तसंच. तुमचा प्रश्न तीनपैकी कोणत्या गतीचा आहे ते ठरवा आणि तिच्यापेक्षा वेगवान गती सरासरीत टाका. जीपीयू, सी++ वगैरे पुढच्या गोष्टी. त्यांतून दहा-वीस पट मिळतात. समीकरण बदलून शंभर पट मिळतात, तेही फुकट.

पण टाकण्याआधी एक आकडा काढलाच पाहिजे: गिरकीची त्रिज्या भागिले क्षेत्ररेषेची वक्रता त्रिज्या. द्विध्रुवात विषुववृत्तावर वक्रता त्रिज्या एल गुणिले ग्रहाची त्रिज्या भागिले तीन. वरच्या इलेक्ट्रॉनची गिरकी, पूर्ण संवेग धरून, १० किमी, वक्रता ८,५०० किमी, गुणोत्तर ०.००१२. बिनधास्त सरासरी घ्या. एल = २ वरच्या १० एमईव्ही प्रोटॉनची गिरकी १२३ किमी, गुणोत्तर ०.०२९. चालेल, पण तपासून. त्याच जागी १०० एमईव्ही प्रोटॉन ठेवला तर गिरकी ४०० किमीच्या आसपास आणि गुणोत्तर ०.०९४. इथे चुंबकीय आघूर्ण 'म्यू' (ज्याच्या स्थिरतेवर ही सरासरी टिकते; सूत्र खाली) स्थिर राहील यावर विसंबू नका, पूर्ण कक्षाच चालवा. हे गुणोत्तर विषुववृत्तावर सगळ्यात मोठं असतं. कण मिरर पॉइंटवरून सोडत असाल आणि तपासणीही तिथेच करत असाल, तर आकडा दिसायला छान येतो आणि फसवतो.

पूर्ण कक्षा: बोरिस वापरा, रुंगे-कुट्टा नको

पाठ्यपुस्तकातली चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत सगळ्यांच्या हाताशी असते आणि सगळे तीच लावतात. तिचा दोष मोजता येतो. शुद्ध गिरकीत दर पावलाला लंब संवेग, पावलातल्या कोनाच्या सहाव्या घाताच्या एकशे चव्वेचाळिसाव्या भागाइतका, घटतो. गिरकीमागे वीस पावलं असतील तर एका गिरकीत ०.०१३ टक्के. किरकोळ वाटतं, पण एका ये-जामध्ये अशा चौदाशे गिरक्या असतात आणि संवेग सतरा टक्क्यांनी गळतो. पावलं शंभर केली तर ये-जा ठीक दिसते आणि एका ड्रिफ्ट फेरीअखेर पुन्हा अठरा टक्के गेलेले असतात. कणाची ऊर्जा घटताना दिसते आणि प्रकल्पात त्याला भलतंच कारण दिलं जातं.

बोरिसची १९७० सालची पद्धत फक्त दुसऱ्या क्रमाची आहे. पण चुंबकीय क्षेत्रात ती संवेग फक्त फिरवते, त्याची लांबी बदलत नाही. त्यामुळे ऊर्जा गोलाईच्या (राउंड-ऑफच्या) चुकीपुरतीच हलते, पावलं कितीही होवोत.

आधी एकक मितिरहित करा. लांबी ग्रहाच्या त्रिज्येत, काळ त्रिज्या भागिले प्रकाशवेगात (पृथ्वीसाठी ०.०२१२५ सेकंद), क्षेत्र पृष्ठभागावरच्या विषुववृत्तीय क्षेत्राच्या पटीत, आणि संवेग वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाच्या पटीत. मग सगळं भौतिकशास्त्र एका स्थिरांकात मावतं: प्रभार × क्षेत्र × त्रिज्या ÷ (वस्तुमान × प्रकाशवेग). पृथ्वीसाठी इलेक्ट्रॉनला तो उणे १,११,४०० येतो, प्रोटॉनला ६०.७. तुमच्या कोडमध्ये हे आकडे येत नसतील तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा किमी-मीटरचा घोळ असतो.

एक पाऊल असं. खाली र म्हणजे जागा, उ म्हणजे संवेग, ब म्हणजे क्षेत्र, क म्हणजे वरचा स्थिरांक, आणि (✕) हा सदिश गुणाकार.

१. र ← र + (उ ÷ गॅमा) × अर्धं पाऊल
२. नव्या जागी ब काढा. ट = क × पाऊल × ब ÷ (२ × गॅमा)
३. उ′ = उ + उ ✕ ट
४. स = २ट ÷ (१ + ट²), मग उ ← उ + उ′ ✕ स
५. र ← र + (उ ÷ गॅमा) × अर्धं पाऊल

विद्युत क्षेत्र असेल तर तिसऱ्याच्या आधी आणि चौथ्याच्या नंतर त्याचा अर्धा-अर्धा धक्का द्या. पहिल्या अर्ध्या धक्क्यानंतर गॅमा पुन्हा काढून मगच ट काढा. हे हमखास विसरलं जातं.

पुस्तकांत बहुधा जागा पूर्ण पावलावर आणि संवेग अर्ध्या पावलावर अशी मांडणी असते. तिथे सुरुवातीला संवेग अर्धं पाऊल मागे न्यावा लागतो. तो नेला नाही तर पहिल्याच पावलात चूक बसते आणि शेवटपर्यंत सोबत करते. वरच्या 'अर्धी जागा, पूर्ण फिरकी, अर्धी जागा' मांडणीत ही कटकट नाही, शिवाय दोन पावलांच्या मध्ये पावलाची लांबी बदलता येते.

ती बदलावी का? ४५ अंशांच्या कणाला नको. मिरर पॉइंट २३ अंश अक्षांशावर, क्षेत्र जेमतेम दुप्पट, पाऊल स्थिर ठेवा. पण एल = ४ वर लॉस कोनच्या (ज्याच्या आतले कण वातावरणात शिरून संपतात त्या पिच अँगलच्या) काठावरचा कण (विषुववृत्तावर ५.३ अंश) घेतला तर मिरर पॉइंटवरचं क्षेत्र विषुववृत्ताच्या ११५ पट असतं. तिथल्या गिरकीसाठी निवडलेलं पाऊल विषुववृत्ताजवळ शंभर पट उधळपट्टी ठरतं. अशा कणांसाठी स्थानिक क्षेत्रावरून पाऊल दुप्पट-निम्मं करा, मात्र दर पावलाला सलग बदलत राहू नका. सतत बदलत्या पावलात पद्धतीची काळ-सममिती जाते आणि म्यू एका बाजूला सरकू लागतो.

वीस पावलांत बोरिस गिरकीचा कोन सुमारे ०.८ टक्के कमी फिरवतो आणि त्रिज्या १.२ टक्के फुगवतो. ड्रिफ्टसाठी हे चालतं. गिरकीशी अनुनाद करणाऱ्या लहरी, म्हणजे कोरस वगैरे, अभ्यासायच्या असतील तर फेजमधली ही चूक चालणार नाही. तिथे पावलं वाढवा किंवा ट ऐवजी अचूक अर्धकोनाचा टॅन्जन्ट घ्या.

अचूकतेचा एक मुद्दा इथेच. जीपीयूवर ३२ बिटांचे आकडे वापरायचा मोह होतो, कारण घरगुती कार्डांवर ६४ बिटांचा वेग त्याच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या भागाइतकाच असतो. पण चार ते आठ त्रिज्यांच्या दरम्यान ३२ बिटांत लगतच्या दोन आकड्यांतलं अंतर तीन मीटर आहे, आणि आपलं पाऊल तीन किलोमीटरचं. दर पावलाला दीड मीटरपर्यंत गोलाई. दहा कोटी पावलांत ती यादृच्छिकपणे साचून दहा किमीच्या घरात जाते, म्हणजे गिरकीच्या त्रिज्येइतकी. जागा ६४ बिटांत ठेवा. क्षेत्राची आकडेमोड ३२ बिटांत केली तर चालून जातं.

गायडिंग सेंटर: खरी बचत इथे आहे

गुणोत्तर लहान असेल तर कणाऐवजी गिरकीच्या मध्यबिंदूचा माग काढा. नॉर्थ्रपने १९६३ साली मांडलेल्या या समीकरणांचं सापेक्षतावादी रूप बऱ्यापैकी लांबलचक आहे आणि त्यात क्षेत्राच्या दिशेचा कर्ल लागतो. पण पृथ्वीच्या आतल्या पट्ट्यात, किंवा जिथे विद्युतप्रवाह नगण्य आहे अशा कुठल्याही क्षेत्रात, खुद्द क्षेत्राचा कर्ल शून्य असतो. मग सगळं आकसून एवढंच उरतं:

मध्यबिंदूचा वेग = (समांतर संवेग ÷ (गॅमा × वस्तुमान)) × दिशा + [(म्यू + समांतर संवेग² ÷ (वस्तुमान × क्षेत्र)) ÷ (गॅमा × प्रभार × क्षेत्र)] × (दिशा ✕ क्षेत्राच्या मापाचा ग्रेडियंट)

समांतर संवेगाचा बदलदर = −(म्यू ÷ गॅमा) × (दिशेवर ग्रेडियंटचा घटक)

इथे म्यू म्हणजे लंब संवेगाचा वर्ग भागिले (२ × वस्तुमान × क्षेत्र). लागतो तो फक्त क्षेत्राच्या मापाचा ग्रेडियंट, नऊ घटकांचं पूर्ण कोष्टक नाही. एवढ्यानेच दर पावलाचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो. गुरूच्या करंट शीटमध्ये (विद्युतप्रवाहाच्या थरात) मात्र हा आखूड मार्ग चालत नाही, तिथे कर्ल शून्य नसतो.

आता ये-जामागे शंभर पावलं पुरतात, पूर्ण कक्षेला तीस ते साठ हजार लागत होती. आणि इथे चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा खुशाल वापरा. शंभर पावलांत तिची गळती एका ये-जाला दहा कोटींत चार भागांपेक्षा जरा जास्त, तीन हजार ये-जांच्या पूर्ण फेरीत ०.०१ टक्क्याच्या थोडी वर. गिरकीत जी पद्धत बुडवते, तीच इथे तारते.

चुका कुठे होतात ते सांगितलेलं बरं. पुष्कळजण समांतर संवेगाचं समीकरण सोडून तो ऊर्जेवरून वर्गमुळाने काढतात. मिरर पॉइंटवर वर्गमुळाखाली उणे आकडा येतो आणि प्रोग्राम आटोपतो. कुणी तो शून्यावर दाबला तर कण तिथेच चिकटून बसतो. समांतर संवेग चल म्हणूनच ठेवा आणि ऊर्जा तपासणीसाठी वापरा. दुसरी चूक चिन्हाची. कणाच्या जागेवरून मध्यबिंदू काढताना जागेत (संवेग ✕ दिशा) ÷ (प्रभार × क्षेत्र) मिळवायचं. इलेक्ट्रॉनचा प्रभार उणे आहे हे विसरलात तर मध्यबिंदू दोन गिरकी-त्रिज्यांनी चुकीच्या जागी बसतो. एल = ४ च्या इलेक्ट्रॉनला ते वीस किमीपर्यंत, कुणाला दिसतही नाही. १० एमईव्ही प्रोटॉनला अडीचशे किमीपर्यंत.

याच्याही वरची पायरी म्हणजे ये-जाचीही सरासरी. शुद्ध द्विध्रुवात सूत्रं तयार आहेत: ये-जाचा काळ = (४ × एल × त्रिज्या ÷ वेग) × (१.३० − ०.५६ × पिच अँगलचा साइन), आणि ड्रिफ्टचा काळ = ९० अंशांवरचा काळ ÷ (०.७ + ०.३ × साइन). शंभरभर पावलांत पूर्ण फेरी होते. पण यात ये-जाच्या काळात क्षेत्र बदलत नाही हे गृहीत आहे, आणि कुठल्या मिरर पॉइंटवर कण वातावरणात शिरला हे सरासरीत पुसलं जातं.

क्षेत्र कसं पुरवायचं

वेळेचा मोठा वाटा क्षेत्र काढण्यात जातो. आयजीआरएफ तेराव्या क्रमापर्यंत आहे, १९५ गुणांक. ते सगळे दर पावलाला मोजणं म्हणजे पोफळी शिंपायला मांडवी वळवणं. क्रमाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने पडतो. एल = ४ वर तेरावा क्रम द्विध्रुवाच्या तुलनेत चाराच्या बाराव्या घाताने घटलेला असतो, म्हणजे दीड कोटीहून जास्त पटींनी. तीन त्रिज्यांच्या पलीकडे सहाव्या क्रमाला थांबा, पृष्ठभागाजवळ पूर्ण तेरा घ्या. मधे एकदम तोडू नका. तोडल्या जागी क्षेत्राला पायरी पडते आणि म्यूला दर ओलांडणीला छोटा धक्का बसतो. दोन-तीन दशांश त्रिज्यांच्या पट्ट्यात हळूहळू विझवा.

त्सिगानेंकोची बाह्य क्षेत्राची प्रारूपं (टी८९, टी९६) लागणार असतील तर जाळीवर आधी मोजून ठेवा. जाळीत पूर्ण क्षेत्र भरू नका. द्विध्रुव वजा करा, उरलेलंच भरा आणि वाचताना द्विध्रुव सूत्राने परत मिळवा. उरलेलं क्षेत्र सौम्य असतं, म्हणून जाळी विरळ चालते. त्रिरेषीय अंतर्वेशन टाळा. त्यात ग्रेडियंट प्रत्येक खान्याच्या भिंतीवर उडी मारतो आणि गायडिंग सेंटरचं सगळं ग्रेडियंटवर चालतं. त्रिघाती स्प्लाइन घ्या आणि ग्रेडियंट त्याच स्प्लाइनचं अवकलन करून काढा.

एक स्थानिक उदाहरण करून पाहण्याजोगं आहे. पणजीचा भूचुंबकीय अक्षांश द्विध्रुवाच्या हिशेबाने पावणेआठ अंश. म्हणजे एल १.०१८, आणि पणजीवरून जाणारी क्षेत्ररेषा सव्वाशे किमीपेक्षा वर जातच नाही. तिच्यावर पट्ट्यातला कण टिकूच शकत नाही, वातावरण त्याला खाऊन टाकतं. पण गोव्याच्या रेखांशावर एल = १.५ किंवा २ वर लॉस कोनच्या जरा बाहेर इलेक्ट्रॉन सोडा. शुद्ध द्विध्रुवात तो फिरतच राहील. आयजीआरएफमध्ये तो पूर्वेकडे सरकत पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून दक्षिण अटलांटिकवर पोचतो. तिथलं क्षेत्र कमकुवत, मिरर पॉइंट शंभर किमीच्या खाली उतरतो आणि कण संपतो. तुमच्या कोडमध्ये असे कण एका फेरीत गळत नसतील तर क्षेत्राचे गुणांक चुकीच्या रेखांशाला जोडले आहेत का ते पाहा.

गुरूकडे वळलात तर

क्षेत्र विषुववृत्ताशी ४.१७ गॉस, त्रिज्या ७१,४९२ किमी. एल = ६ वर, आयो या उपग्रहाच्या कक्षेजवळ, १० एमईव्ही इलेक्ट्रॉनची गिरकी ०.३८ मिलिसेकंद, ये-जा पाच सेकंद, आणि चुंबकीय ड्रिफ्टची फेरी तब्बल ४३ तास. म्हणजे एका फेरीत चाळीस कोटी गिरक्या. पूर्ण कक्षेचा नाद सोडा. आणखी महत्त्वाचं म्हणजे ग्रह ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि क्षेत्र कणांना सोबत ओढतं. गुरूचं द्विध्रुव पृथ्वीच्या उलट ध्रुवांचं असल्याने इलेक्ट्रॉन पश्चिमेकडे ड्रिफ्ट होतात, सहभ्रमण पूर्वेकडे नेतं, आणि सहभ्रमणच जिंकतं. पृथ्वीचा कोड तसाच उचलून सहभ्रमणाचं विद्युत क्षेत्र टाकलं नाही तर फेरीची दिशाही चुकते आणि काळही. शनी उलट सोपा: क्षेत्र अक्षाभोवती जवळजवळ पूर्ण सममित, रेखांशाची भानगड नाही. फक्त कड्यांत कण गिळले जातात, तेव्हा ए कड्याच्या बाहेरच्या काठाच्या (२.२७ त्रिज्या) आत विषुववृत्त ओलांडताना कण बाद करायची अट घाला.

चालवण्याआधी आणि चालवताना

तपासण्या द्विध्रुवात करा, उत्तर माहीत असतं. ४५ अंशांचा कण २३ अंशांवर उलटतो का? ड्रिफ्टचा काळ १७ मिनिटांच्या आसपास येतो का? पाऊल निम्मं केल्यावर बोरिसची चूक चौथाई होते का? म्यू गिरकीच्या आत खालीवर होताना दिसेल. ते स्वाभाविक आहे, वरच्या गुणोत्तराइतपत. काळजी करायची ती त्याची गिरकीभरची सरासरी हळूहळू एका बाजूला जात असेल तर.

प्रत्येक कण स्वतंत्र असल्याने समांतर चालवणं सोपं. पायथनमध्ये नंबाचा समांतर लूप पुरतो, फोरट्रानवाल्यांना ओपनएमपी. कण एल आणि ऊर्जेनुसार क्रमाने लावा, नाहीतर एका गटातला एक चिवट कण बाकीच्यांना थांबवून ठेवतो. वेग मोजायचा तर पाच मिनिटं चालवून मगच घड्याळ लावा. मे महिन्यातल्या उकाड्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप मंदावतो आणि पहिल्या तीस सेकंदांचा आकडा खोटा ठरतो. पावसाळ्यात वीज जाणारच असं धरून दर दहा मिनिटांनी स्थिती लिहा: जागा, संवेग, काळ आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज. आधी तात्पुरत्या फाइलीत लिहून मग नाव बदला. थेट जुन्या फाइलीवर लिहिताना वीज गेली तर जुनंही जातं आणि नवंही.

आणि प्रत्येक पाऊल साठवू नका. विषुववृत्त ओलांडतानाची स्थिती पुरेशी असते. एका ये-जात दोन ओलांडण्या, त्यांतली फक्त उत्तरेकडे जातानाची ठेवली आणि सात आकडे ६४ बिटांत लिहिले तर दहा हजार कणांच्या एका फेरीला पावणेदोन जीबी लागतात. प्रत्येक पाऊल लिहिलं तर पावणेदोनशे. ओलांडणी दोन पावलांच्या मध्ये पडते, तेव्हा ती सरळ रेषेने काढू नका. दोन्ही टोकांची जागा आणि वेग हाताशी आहेतच, त्यांवरून त्रिघाती हर्मिट वक्र टाका.